फांदी कोणत्या खात्याची?

पहिल्याच वळवाच्या पावसात आमच्या सोसायटीसमोरच्या गुलमोहराची एक जाडजूड फांदी मोडली. पुरती मोडली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. ती अर्धवट मोडली. वरचं टोक सालीच्या आधाराने खोडाला धरून राहिलं आणि खालचं टोक येऊन आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर रेललं. फूटपाथवरून जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्याखालून वाकून जावं लागे. गल्लीत एरवी कुणालाही मान न देणारे एक निवृत्त फौजदार आहेत. तेसुद्धा आमच्या फाटकासमोर रोज सकाळ-संध्याकाळ कमरेत वाकू लागले. सुरुवातीला मला त्याचं बरं वाटलं. नंतर त्यांनी त्याबद्दल मलाच जबाबदार धरलं.

शहराचं नाव सांगत नाही. याच शहरात मला अजून पाणी हवं आहे. मोठं शहर आहे, महानगरपालिका आहे आणि ती मुंबई नाही, एवढंच सांगतो. ती मुंबई नाही हे मला त्या दिवसांत उठता-बसता ऐकावं लागत होतं, कारण नेमके त्याच सुमारास आमचे सासरे, अण्णा, गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला आमच्याकडे मुक्कामाला आले.

अण्णा म्हणजे मुंबई महापालिका. बोरीबंदरसमोरच्या त्या दगडी इमारतीत आवक-जावक विभागापासून सुरुवात करून हेडक्लार्क होऊन ते निवृत्त झाले. ती इमारत स्टीव्हन्स साहेबाने बांधली. समोरचं स्टेशनही त्याचंच. इमारत १८९३ साली पुरी झाली, पण अण्णा हे अशा थाटात सांगतात, की शेवटच्या दगडाची पोचपावती त्यांनीच फाडली असावी. "दारात फिरोजशहा मेहता उभे आहेत, जावईबापू," ते मला म्हणाले. "एवढा मोठा माणूस. पण आमच्याकडे आला की उभाच. खुर्ची नाही."

आमच्या महापालिकेबद्दल त्यांना मुळातच आदर नव्हता.

"तुमचा कायदा कधीचा?"

मला कुठून ठाऊक असणार?

"१९४९ चा. कालचं पोर. आमचा १८८८ चा. मुंबई सोडून बाकी सगळ्या महापालिकांना तो एकोणपन्नासचा. त्यात कलम ६३ म्हणजे पालिकेने करायलाच हवीत अशी कामं. आमच्या कायद्यात ६३ म्हणजे वाटलं तर करायची."

"मग तुमच्याकडे करायलाच हवीत अशी कामं कुठली?"

"ती ६१."

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. आमच्या वॉर्ड ऑफिसात चुकून मुंबईच्या कायद्याचं पुस्तक आलं असणार आणि सगळी मंडळी प्रामाणिकपणे त्यातलं कलम ६३ पाळत असणार.

फांदीबद्दल मी एक अर्ज लिहिला होता. त्यात लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती, माणुसकी होती. अण्णांनी तो चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि दोन बोटांत धरून परत दिला.

"विषय कुठाय?"

"फांदी."

"तो विषय नव्हे, ती फांदी. विषय म्हणजे 'बाबत' हवं. आणि संदर्भ?"

"संदर्भ कसला देणार अण्णा? हे पहिलंच पत्र आहे."

"मग आधी एक पत्र द्या. नंतर या पत्रात त्याचा संदर्भ द्या. संदर्भ नसलेल्या पत्राला कोण हात लावतो?"

त्याप्रमाणे आम्ही आधी एक पत्र दिलं, ज्यात काहीच मागितलेलं नव्हतं. मग दुसरं. त्यात 'सदर फांदी अंशतः भग्नावस्थेत लोंबकळत असल्याचे निदर्शनास आले असून' अशी सुरुवात होती. ते वाचल्यावर मला पहिल्यांदाच त्या फांदीची भीती वाटली.

या काळात घरही हळूहळू पालिकेच्या ताब्यात गेलं. दुधाच्या पिशव्यांची आवक एका वहीत, रिकाम्या पिशव्यांची जावक दुसऱ्या वहीत. कामाला येणाऱ्या मावशींसाठी दारामागे मस्टर टांगलं गेलं. तीन लेट मार्क म्हणजे अर्धी रजा, हा नियम अण्णांनी त्यांना समजावून सांगितला. मावशींनी तो शांतपणे ऐकला आणि विचारलं, "मग उरलेल्या रजा साठवून ठेवता येतात का? आणि दिवाळीला बोनस किती?" अण्णा गडबडले. मुंबईत दर दिवाळीला महापालिकेच्या बोनसचा आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो, हे मावशींना माहीत होतं. मस्टर त्या दिवशीच उतरलं. मावशींचा पगार मात्र चढला. आमच्या घरापुरती ही वेतन आयोगाची पहिली अंमलबजावणी.

बायकोला याचं काही नवल नव्हतं. तिचं सगळं बालपण या वह्यांत गेलं होतं. शाळेच्या सहलीचे पैसे हवे असले की ती अण्णांसमोर कागद ठेवायची आणि अण्णा त्यावर 'यापूर्वी सहल केव्हा झाली? खुलासा व्हावा' असा शेरा मारायचे.

"मग तू खुलासा करायचीस?"

"छे! मी कागद आईकडे न्यायचे. आई बिनकागदाचे पैसे द्यायची."

पुढे मला पालिकेची रचना जी थोडीफार कळली, तिचं मूळ या एका वाक्यात आहे.

असो. ऑफिसकडे वळू.

नागरी सुविधा केंद्रात शिरल्या शिरल्या समोर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा भला मोठा फलक आहे. कुठली सेवा किती दिवसांत, कोण देणार, नाही दिली तर अपील कुणाकडे. जन्माचा दाखला आहे, मृत्यूचा दाखला आहे, नळजोडणी आहे. जन्म आणि मृत्यू यांच्यामधल्या काळात माणसाच्या डोक्यावर जे जे लोंबकळतं त्याविषयी फलक काही बोलत नाही. खिडकीपाशी एक तरुण मॅडम होत्या. अर्ज त्यांनी मन लावून वाचला. 'भग्नावस्थेत' या शब्दापाशी थांबून माझ्याकडे जरा आदराने पाहिलंही.

"फांदी झाडावर आहे की खाली पडलीय?"

"दोन्ही."

"असं नाही चालत, काका. झाडावर असेल तर उद्यान खातं, तिसरा मजला. खाली पडली असेल तर घनकचरा, तळमजला."

"आणि डोक्यावर पडली तर?"

"तर आपत्ती व्यवस्थापन. पण ते पडल्यावर."

हे त्या थट्टेने म्हणत नव्हत्या. अर्ज कुठल्या खात्याला टाकायचा यासाठी त्यांच्या संगणकावर एक खिडकी उघडते, त्या खिडकीत दोनच पर्याय असतात आणि 'अधांतरी' हा त्यांतला नव्हता.

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. शिपाई म्हणाला, साहेब साईटवर.

"कुठल्या साईटवर?"

"ते साहेबांनाच माहीत."

"कधी येतील?"

"ते साईटला माहीत."

तळमजल्यावर आलो. तिथला शिपाई म्हणाला, साहेब आत्ताच वर गेले. वर गेलो, तर साहेब आत्ताच खाली उतरले. लिफ्ट बंद होती आणि जिन्यात ट्यूबलाइटही नव्हती. एका फेरीत अंधारातून उतरणाऱ्या एका गृहस्थांना मी वाट करून दिली. तेच साहेब होते हे मला दोन फेऱ्यांनंतर कळलं. आणि दोन मजल्यांवरचे दोन साहेब हे एकच साहेब आहेत हे कळायला तर आणखी उशीर लागला.

झालं होतं असं की घनकचऱ्याचे साहेब निवृत्त झाले होते. ती जागा भरली गेली नव्हती. जागा रिकामी राहिली की ती कुणाच्या तरी अंगावर टाकतात आणि त्याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात. उद्यानाच्या साहेबांकडे घनकचऱ्याचा अतिरिक्त कार्यभार होता. शिवाय निवडणुकीच्या याद्यांचं काम होतं, आणि मध्येच कुठल्या तरी सर्वेक्षणाचं. एकूण साहेब गरीब होते. मला बसायला सांगून त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

मला हायसं वाटलं. फांदी झाडावर असो नाही तर खाली, माणूस एकच. म्हटलं, "साहेब, मग प्रश्नच मिटला. दोन्ही खाती तुमचीच."

"प्रश्न तिथेच आहे ना," साहेब म्हणाले. "मी उद्यान खात्यातून घनकचऱ्याला पत्र दिलंय. फांदी खोडापासून अलग झालेली असल्याने आपल्या स्तरावर कार्यवाही व्हावी, म्हणून."

"म्हणजे तुम्हीच तुम्हाला."

"मी कार्यालयाला दिलंय. व्यक्तीला नाही."

"मग घनकचऱ्याने काय केलं?"

साहेबांचा चेहरा जरा पडला. "मी परत पाठवलं. अभिप्राय स्वयंस्पष्ट नव्हता."

मी अण्णांचा जावई. न चिडता विचारलं, "साहेब, खाली बसून तुम्ही सरळ सही करून टाकली असती तर?"

"एकाच माणसाच्या दोन्हीकडे सह्या? ऑडिटला काय उत्तर देऊ?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि वरून आलेल्या पत्राची भाषाही मला जरा आगाऊ वाटली."

संध्याकाळी हे सगळं अण्णांना सांगितलं तेव्हा मला वाटलं ते हसतील. त्यांनी गुडघ्यावरची शेकायची पिशवी बाजूला ठेवली आणि गंभीरपणे म्हणाले, "माणूस चोख दिसतोय. आमच्याकडे असता तर वर गेला असता."

"तिसऱ्या मजल्यापर्यंत तो गेलाच आहे."

"मग आता संयुक्त पाहणी."

आणि खरंच संयुक्त पाहणीची तारीख लागली. दोन्ही खात्यांचे अधिकारी येणार असं पत्रात होतं. त्याप्रमाणे साहेब एकटे आले. आधी खोडापाशी उभे राहून, फीत धरून त्यांनी उद्यान खात्यातर्फे फांदीची लांबी मोजली. मग दहा पावलं चालून भिंतीपाशी आले आणि घनकचऱ्यातर्फे परत मोजली. दोन्ही मापांत फरक आला. त्यांनी वहीत तो फरक नोंदवला आणि आमच्याकडचा चहा नको म्हणून, खाली वाकून, फांदीखालून निघून गेले. निवृत्त फौजदार गॅलरीतून बघत होते. त्यांना त्या दिवशी बरं वाटलं असावं.

एरवी अशा वेळी लोक नगरसेवकाकडे जातात. पण तो काळ प्रशासकांचा होता. मुंबई-पुण्यासह राज्यातल्या बऱ्याच मोठ्या महापालिकांत मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते. निवडणुका झाल्या त्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. आमच्या चौकातल्या फलकांवर माजी होते, भावी होते, आजी मात्र कुणीच नव्हते. एका भावींनी फांदीजवळ उभं राहून फोटो काढून घेतला आणि 'नागरिकांच्या पाठीशी' असं लिहून तो चौकात लावला. फलक बांधायला आलेल्या पोराने सुतळी आमच्याच फांदीला बांधली, त्यामुळे ती थोडी आणखी घट्ट झाली.

सोसायटीत अर्थातच तातडीची सभा झाली. आपणच कोयत्याने फांदी तोडावी असं एकाने सुचवताच सेक्रेटरींनी १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा काढून दाखवला. परवानगीशिवाय छाटणी केली तर गुन्हा. मग तो एक जण म्हणाला, मी आपलं सहज म्हणालो. शेवटी 'पालिका काय झोपा काढते का?' असा एक ठराव सर्वानुमते संमत झाला. ठरावाचे सूचक होते ते दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. रोज रात्री साडेअकराला ते बाल्कनीतून एक काळी पिशवी खाली सोडतात आणि ती कुठे पडली हे न बघता दार लावून घेतात.

पालिका झोपा काढत नव्हती. याच दिवसांत शहराच्या स्वच्छतेची तपासणी करायला दिल्लीहून पथक येणार असल्याची बातमी पसरली. २०१६ पासून हे सर्वेक्षण दरवर्षी होतं आणि त्यात शहरांचे नंबर लागतात. चार दिवसांत रस्ता झाडून निघाला, दुभाजकांना काळे-पिवळे पट्टे आले, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागला. पाहुणा येणार म्हटलं की खर्चाला हात मोकळा होतो, ही आपली जुनी रीत. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने स्वागतखर्चाचा ठराव आणला, तेव्हा सभासद असलेल्या महात्मा फुल्यांनी त्याला विरोध केला. बाकी सगळी सभा स्वागताच्या बाजूने होती. आमच्या गल्लीत विरोध करायला कुणी सभासदच नसल्याने गेरूचं काम झपाट्याने झालं. रंगाऱ्याने फांदीलाही गेरू लावला. त्याला विचारलं तर म्हणाला, "जेवढं झाड तेवढं रंगवायचं सांगितलंय." रंगाऱ्यांच्या मते तरी ती अजून झाडच होती. हा अभिप्राय मी लेखी मागितला, पण तो कंत्राटी होता.

मग भिंत रंगवायला दुसरी माणसं आली. 'स्वच्छ शहर, सुंदर शहर' असं लिहायचं होतं, सूर्य काढायचा होता, एक हसरं झाड काढायचं होतं. फांदी जिथे टेकली होती तिथे ब्रश पोचेना. त्यांनी तिच्या अलीकडे लिहिलं, पलीकडे लिहिलं आणि मधला भाग तसाच सोडला. हसरं झाड आणि मोडकी फांदी यांच्यात आता जेमतेम वीतभर अंतर होतं.

रात्री जेवणं झाल्यावर अण्णा मुंबईच्या गोष्टी सांगत. त्यांच्या नोकरीभर मुंबईचे वॉर्ड २४, इंग्रजी अक्षरांचे, ए पासून टी पर्यंत. मधली आय, जे, ओ आणि क्यू ही अक्षरं वगळलेली. क्यू नावाचा वॉर्ड का नाही, असं मी विचारल्यावर अण्णा म्हणाले, "क्यू प्रत्येक वॉर्डात आहेच. वेगळा कशाला?" मग आर्थर क्रॉफर्ड. १८६५ साली आलेला मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. त्याने शहराची कामं एवढ्या झपाट्याने केली की पैसे संपले, करदाते खवळले आणि त्याला जावं लागलं. नाव मात्र बाजाराला राहिलं, तेही पुढे बदललं. "त्यानंतर त्या खुर्चीवर बसून घाई करायची कुणाची छाती झाली नाही," अण्णा सांगत. आणि बजेट! २०२५-२६ चं मुंबईचं बजेट ७४ हजार कोटींच्या वर. गोवा राज्याच्या बजेटपेक्षा कितीतरी मोठं. हे सांगताना त्यांचा ऊर भरून येई, आणि लगेच पेन्शनच्या फरकाची आठवण होऊन पुन्हा रिकामा होई.

पण या गोष्टींतल्या मला आवडल्या त्या वेगळ्याच माणसांच्या. मुंबईला पाणी येतं ते सात तलावांतून. तुळशी आणि विहार शहरातच आहेत, पण भातसा, तानसा, वैतरणा ठाणे-पालघर-नाशिककडे, डोंगरापलीकडे. तिथून एवढं पाणी शहरात आणायचं आणि ते कुठल्या गल्लीला किती वाजता सोडायचं हे शेवटी ठरतं ते चावीवाल्याच्या हातात. रस्त्यातलं झाकण उचलून, लांब दांड्याची चावी लावून तो व्हॉल्व्ह फिरवतो. पहाटे चारला पाणी येणाऱ्या वस्तीत तो त्याआधी उठलेला असतो. त्याला कुणी अर्ज करत नाही. त्याच्याकडे संदर्भही मागायची सोय नाही, कारण त्याच्याकडे टेबलच नाही.

आणि उंदीर मारणारे. कीटकनाशक विभागाकडे रात्रपाळीची माणसं असतात. हातात काठी आणि टॉर्च. बाजारांतून, गटारांच्या कडेने, गल्लीबोळांतून रात्रभर हिंडायचं. प्रत्येकाला रात्रीचा ठरलेला कोटा, ३० उंदीर.

"तीस? मोजून?"

"सकाळी मोजून द्यायचे. तिथे 'साहेब साईटवर' चालत नाही."

मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या टेबलाला असा कोटा असता तर? दिवसाला ३० फायली?"

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उंदीर परत फिरून खुलासा मागत नाही, जावईबापू."

त्या रात्री मी अंथरुणात पडून हिशेब मांडला. पाणी पहाटे सुटतं. रस्ते उजाडायच्या आत झाडले जातात. उंदीर रात्री मरतात. दवाखान्यात अपघाताचा पेशंट मध्यरात्री आला तरी त्याला घेतात. आगीचा बंब फोन खाली ठेवायच्या आत निघतो. सफाईवाल्याची हजेरी चौकीवर सूर्य उगवायच्या आधी लागते. म्हणजे महापालिका झकास चालते, फक्त तिची ऑफिसं बंद असताना. संध्याकाळी साडेपाचला मॅडम, साहेब आणि शिपाई घरी गेले की शहराला मोकळा श्वास मिळतो आणि सकाळी पावणेदहाला तो पुन्हा रोखला जातो. अण्णांना हे सांगितलं असतं तर त्यांनी त्यावर 'तपासून सादर करा' लिहिलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

फांदीचं तसंच झालं. एका पहाटे कचऱ्याची गाडी गल्लीत शिरताना भावी नगरसेवकांच्या लोंबणाऱ्या सुतळीत अडकली, सुतळीबरोबर फांदी ओढली गेली आणि मोठा आवाज करून रस्त्यावर आडवी झाली. मी गॅलरीत धावलो. खाली तिघं जण होते. एक काकू झाडू घेऊन, गाडीचा ड्रायव्हर आणि गाडीवरचा पोरगा.

"अहो, थांबा, तिची फाईल चालू आहे," मी वरून ओरडलो.

"खाली पडली ना? मग आमचीच," ड्रायव्हर म्हणाला. घनकचऱ्याचा याहून स्वयंस्पष्ट अभिप्राय मी पाहिला नाही. तिघांनी मिळून फांदीचे तीन तुकडे केले, गाडीत घातले, काकूंनी पानं झाडून घेतली आणि गाडी पुढे गेली. सगळ्याला मिळून लागला असेल तेवढा वेळ मला ऑफिसात टोकन घ्यायला लागतो. निवृत्त फौजदार सकाळी फिरायला निघाले ते सवयीने फाटकासमोर वाकले आणि मग चपापून इकडेतिकडे बघू लागले.

महिन्याभराने टपालाने पत्र आलं. 'प्रत्यक्ष जागेवर पाहणी केली असता अर्जात नमूद केलेली फांदी आढळून आली नाही. सबब आपली तक्रार निराधार ठरवून निकाली काढण्यात येत आहे.' त्याखाली साहेबांच्या दोन सह्या होत्या. एक उद्यान, एक घनकचरा. शेवटी त्यांचं आपापसांत जमलं हे बघून मला खरोखर आनंद झाला. अण्णांनी पत्र उजेडाला धरून शिक्का तपासला आणि म्हणाले, "चला, संदर्भ मिळाला."

भिंतीवर 'स्वच्छ शहर' आणि 'सुंदर शहर' यांच्यामध्ये फांदीच्या आकाराची पांढरी जागा उरली आहे. कुणीतरी तिथे तंबाखूची पिंक टाकून ती भरायला सुरुवात केली आहे. फांदी गेल्यामुळे फूटपाथ मोकळा झाला, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिथे दोन स्कूटर आल्या. त्यातली एक आमच्या सेक्रेटरींची. मग एक फुटका कमोड आला, पाठोपाठ एक जुनी गादी आली. घंटागाडी रोज गाणं वाजवत येते, पाच मिनिटं थांबते, आणि ती वळणावरून गेली की आमच्या तिन्ही विंगांतून माणसं डबे घेऊन धावत खाली येतात, 'गेली का? थांबतच नाहीत मेले!' असं म्हणतात आणि डबे फांदीच्या जागेवर रिकामे करून वर जातात. ओला वेगळा, सुका वेगळा अशी दोन बादल्यांची शिस्त मात्र आम्ही घरात कटाक्षाने पाळतो. एकत्र होतो तो रस्त्यावर.

कमोड कुणी तरी उचलला. गादी मात्र अजून तिथेच आहे. निळ्या फुलांची, कापसाची, डबल बेडची, एका कोपऱ्यात उसवलेली. पावसात भिजल्यामुळे तिचं वजन आता चौघांना पेलणार नाही. ती भिंतीला टेकवून उभी केलेली आहे, पुरती उभी नाही आणि आडवीही नाही, त्यामुळे हे अतिक्रमण आहे की कचरा याबद्दल वॉर्ड ऑफिसात दोन मतं आहेत आणि दोन्ही एकाच साहेबांची आहेत. तरी ज्या कुणाची ती असेल त्यांनी कृपया या गुरुवारच्या आत स्वखर्चाने उचलून न्यावी. नाव विचारलं जाणार नाही. अण्णांचा गुडघा आता पूर्ण बरा झाला आहे आणि त्यांनी मसुदा लिहायला घेतला आहे.